आधी पाठ बघू द्या

जर्मनीत घरातली शेवटची म्हातारी गेली की नातवंडं घर रिकामं करून देणाऱ्याला बोलावतात. तो टेम्पो घेऊन येतो, कपाटं, काचसामान, शिवणयंत्र, पडदे असं सगळं एकरकमी उचलतो आणि झाडून काढलेल्या घराची किल्ली परत देतो. त्यातलं विकण्याजोगं काही दिवसांत जुन्या बाजारात मांडलेलं दिसतं. चिनीमातीच्या बशा लवकर जातात, पितळी दिवे जातात. टेबलाच्या पायाला टेकवलेला एक तरुण मात्र दुपार झाली तरी तिथेच असतो. करड्या-हिरव्या गणवेशातला, केस नीट मागे वळवलेला, सोनेरी चौकटीतला. त्याच्या उजव्या खिशाच्या वर गरुड असतो आणि गरुडाच्या पायाशी एक छोटा गोल स्टिकर.

स्टिकरवर किंमत नसते. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार स्वस्तिकासारखी नाझी चिन्हं चारचौघांत दाखवणं गुन्हा आहे. कला, संशोधन, शिक्षण यांना सवलत आहे, पण जुन्या बाजारातला विक्रेता वकिलाशी वाद घालत बसत नाही, तो स्टिकर लावतो. चित्र बाळगायला बंदी नाही, विकायलाही नाही. फक्त गरुडाच्या नख्यांत काय आहे ते झाकलेलं बरं. गिऱ्हाईक वाकून, नखानं स्टिकरची कड उचलून बघतं आणि परत चिकटवतं.

मी म्युनिकला नोकरीसाठी आलो, राहिलो, आणि ही चित्रं घेऊ लागलो. इथल्या मित्रांना हे विचित्र वाटतं, पुण्यातल्या मित्रांना त्याहून. मी लष्करी सामानाचा शौकीन नाही. शिरस्त्राणं, खंजीर, बिल्ले मला नकोत. आणि काळ्या गणवेशातल्या एसएसवाल्यांची, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातल्यांची, चित्रं कितीही चांगली रंगवलेली असली तरी मी हातात घेत नाही. मला हवी असतात ती घरासाठी, घरच्यांनी, गल्लीतल्या चित्रकाराकडून करून घेतलेली साध्या शिपायांची व्यक्तिचित्रं. बाजारात त्यांना मान नाही. एखाद्या नामांकित वैमानिकाचं चित्र हजारोंत जातं. अनोळखी शिपाई शे-दीडशे युरोंत मिळतो, आणि त्यातही विक्रेता चौकटीचे पैसे धरून सांगतो.

युद्धकाळातली जर्मन सैनिकांची चित्रं म्हटलं की लोकांना आधी आठवतात ती सरकारी चित्रं. वेअरमाख्टनं, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्यानं, चित्रकारांची एक स्वतंत्र तुकडीच उभी केली होती. पहिल्या महायुद्धातही रणचित्रं काढलेला लुइटपोल्ड आडाम तिचा प्रमुख, आणि तिच्यात सुमारे ८० चित्रकार. आघाडीवर जायचं, रेखाटनं करायची, परत येऊन रंगवायची. युद्ध संपल्यावर गॉर्डन गिल्की नावाच्या अमेरिकन कॅप्टननं, जो स्वतः छापचित्रकार होता, लपवलेल्या जागा हुडकून साडेआठ हजारांवर चित्रं जमवली आणि ती अमेरिकेला गेली. लष्करी आणि नाझी प्रचाराचं साहित्य जर्मनीत शिल्लक राहू नये, असं धोरण होतं. पुढे बहुतेक परत आली, १९८६ साली तर एकदम सहा हजारांच्या वर. जी अमेरिकी लष्करानं ठेवून घेतली त्यांत हुबेर्ट लान्त्सिंगरचं एक आहे: चिलखत घातलेला, घोड्यावर बसलेला, हातात झेंडा धरलेला हिटलर. कुण्या अमेरिकन शिपायानं त्याच्या चेहऱ्यात संगीन खुपसली होती. ते भोक बुजवलेलं नाही. मला हा निर्णय फार आवडतो. चित्राची दुरुस्ती करायची नाही हेही कधीकधी जतनच असतं.

सरकारी कामातला सगळ्यात जास्त घरांत पोचलेला माणूस म्हणजे वोल्फगांग विलरिश. त्यानं सेनापतींपासून साध्या शिपायांपर्यंत अनेकांची रेखाचित्रं केली आणि ती टपालकार्डांवर छापली गेली. सेनापती रोमेल त्यात आहे, पाणबुडीवाला ग्युंटर प्रीन आहे. हाच प्रीन १४ ऑक्टोबर १९३९ ला स्कापा फ्लोच्या ब्रिटिश बंदरात शिरला आणि त्यानं ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली; आठशेच्या वर माणसं गेली. विलरिशची ही कार्डं आजही जुन्या बाजारात खोक्यांत उभी रचलेली सापडतात. हात त्याचा उत्तम होता, यात वाद नाही. पण शे-दोनशे कार्डं ओळीनं बघितली की लक्षात येतं, याला माणसात रस नाही, जबड्यात आहे. प्रत्येक चेहरा थोडा खालून बघितलेला, प्रत्येक नजर कार्डाच्या कडेपलीकडे, कुणाला सर्दी झालेली नाही, कुणाची झोप अपुरी नाही. वंशाच्या सिद्धांताला पुरावे गोळा करावेत तशी ही माणसं काढलेली आहेत. आणि याच विलरिशनं १९३७ साली आधुनिक कलेवर तुटून पडणारं पुस्तक लिहिलं होतं, त्याच वर्षी नाझींनी म्युनिकला भरवलेल्या ‘अध:पतित कला’ प्रदर्शनासाठी संग्रहालयांतून चित्रं उपसून काढण्यातही तो होता.

त्या प्रदर्शनात हिणवण्यासाठी टांगलेल्या चित्रांत ओटो डिक्सची होती. डिक्स पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवत होता. परत येऊन त्यानं लाकडी पायांचे, अर्ध्या चेहऱ्यांचे, रस्त्यावरून चाललेले माजी सैनिक रंगवले. १९२० सालचं ते चित्र प्रदर्शनानंतर नाहीसं झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी या माणसाला, वय वर्षं ५३, पुन्हा गणवेश चढवून उभं केलं आणि तो फ्रेंचांच्या हाती सापडला. १९४७ साली त्यानं स्वतःला युद्धकैदी म्हणून रंगवलं. जर्मन सैनिकाचं सगळ्यात खरं चित्र कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन, पण ते जुन्या बाजारात मिळत नाही.

मिळतात ती तिसऱ्या प्रकारची. ना विलरिशसारखी घडवलेली, ना डिक्ससारखी उघडी. गावातल्या चित्रकला-शिक्षकानं, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यानं, निवृत्त पाटी-रंगाऱ्यानं केलेली. १९३३ नंतर चित्रकाराला सरकारी कलामंडळाचं सभासदत्व असल्याशिवाय धंदा करता येत नव्हता. ज्यू चित्रकारांना तिथे जागा नव्हती, नको असलेल्या इतरांनाही काढून टाकलं होतं. गल्लीतला तो बापुडा चित्रकारही या चाळणीतून राहिलेला होता, हे चित्राकडे बघताना विसरायचं नाही. कॅनव्हास युद्धाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच दुर्मिळ. त्यामुळे हार्डबोर्ड, प्लायवुड, खोक्याचा पुठ्ठा, काय मिळेल ते. पुष्कळ चित्रं खडूची किंवा कोळशाची, कारण तेलरंगापेक्षा ते स्वस्त आणि एका बैठकीत होणारं. सुट्टीवर आलेला मुलगा किती वेळ बसणार?

पण बहुतेक वेळा मुलगा बसलेलाच नसतो. चित्र फोटोवरून केलेलं असतं.

हे ओळखायला मला शिकावं लागलं नाही. माझे काका साताऱ्यात एका फोटो स्टुडिओत काळे-पांढरे फोटो रंगवायचे. साताऱ्याच्या स्टुडिओत फौजी गिऱ्हाईक कायमचं. काका फोटो घेतानाच मागे पेन्सिलीनं लिहून ठेवायचे: साडी मोरपंखी, गंध लाल, डोळे घारे. फोटोतून रंग कळत नाही, घरच्यांना विचारावा लागतो. म्युनिकला मी पहिल्यांदा एका हार्डबोर्डवरच्या शिपायाला उलटा केला तेव्हा मागे पेन्सिलीत, जुन्या टोकदार जर्मन लिपीत दोन ओळी होत्या. लिपी वाचता येणाऱ्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं वाचून दाखवल्या: डोळे निळसर करडे, केस गडद सोनेरी. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, शाईनं, एक तारीख आणि ‘ओरेलजवळ’. ओरेल हे रशियातलं शहर; तारीख १९४३ च्या जुलैमधली. म्हणजे चित्रकारानं हा मुलगा बघितलाच नव्हता. कुणीतरी, बहुधा आईनं, त्याच्या डोळ्यांचा रंग सांगितला होता.

तेव्हापासून मी चेहरा शेवटी बघतो. आधी पाठ, मग कॉलर, मग दुसरं काज.

कॉलर यासाठी की १९४० पर्यंतच्या अंगरख्यांची कॉलर बाटलीसारखी गडद हिरवी असायची, पुढे कापडात काटकसर आली आणि ती अंगरख्याच्याच करड्या रंगाची झाली. अर्थात पोरांना जुनी गडद कॉलर ऐटबाज वाटायची, शिंप्याकडून बसवून घ्यायचे, त्यामुळे कॉलरवर एकटीवर भरवसा ठेवायचा नाही. खांद्याच्या पट्टीची किनार पलटण सांगते: पांढरी म्हणजे पायदळ, गुलाबी म्हणजे रणगाडे, लाल म्हणजे तोफखाना, फिकी हिरवी म्हणजे पहाडी. पुढे लांब झडप असलेली टोपी दिसली की १९४३ किंवा नंतरचं. आणि दुसरं काज महत्त्वाचं, कारण लोखंडी क्रूस या जर्मन युद्धपदकाचा दुसरा वर्ग मिळाला तर क्रूस फक्त त्या दिवशी लावायचा, नंतर नुसती काळी-पांढरी-लाल फीत अंगरख्याच्या दुसऱ्या काजातून ओवायची. त्याच काजात कधीकधी आणखी एक लाल फीत असते, मधोमध पांढऱ्या-काळ्या-पांढऱ्या बारीक रेघांची. १९४१-४२ च्या रशियातल्या हिवाळ्यात जे तिथे होते त्यांना दिलेलं ते पदक. मे १९४२ मध्ये जाहीर झालं, म्हणजे चित्र त्याच्या आधीचं असू शकत नाही. शिपाई त्याला ‘गोठलेल्या मांसाचं पदक’ म्हणायचे. विलरिशच्या शंभर जबड्यांपेक्षा मला या एका नावात जास्त माणूस दिसतो.

फितीचा तुकडा रंगवायला चित्रकाराला ब्रशचे चार फटकारे लागतात. पण तो नेमका रंगवलेला असतो, कारण ते घरच्यांनी ठासून सांगितलेलं असतं. नाक थोडं चुकलं तरी चालेल, फीत चुकता कामा नये.

माझी आई एकदा तीन महिने राहायला आली होती. तेव्हा ओरेलचा तो मुलगा आमच्या बोळात, चपलांच्या कपाटावर टांगलेला होता. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “हा कोण रे?”

“जर्मन शिपाई आहे, आई. दुसऱ्या महायुद्धातला.”

“ते दिसलं मला. आपला कोण लागतो?”

“कोणी नाही. विकत आणलाय.”

तिनं चष्मा लावून त्याला नीट पाहिलं. पोरगा गोड आहे म्हणाली. मग म्हणाली, “भिंतीवर माणूस लावायचा तर तो आपला तरी असावा, नाहीतर देव तरी. ह्याच्या लोकांनी टाकला म्हणून तू का त्याला दारात उभा केलायस?”

मी चित्र उतरवलं. आईचं मन राखायला उतरवलं असं मी तेव्हा समजत होतो, पण तिच्या प्रश्नानं माझ्या छंदाची मांडणीच बदलली. असलं चित्र नात्यासाठी केलेलं असतं. आईला, बायकोला, बहिणीला तो चेहरा पुरेसा असतो, कारण उरलेला माणूस त्यांच्याकडे असतोच. त्यांनी त्याला फक्त गोड म्हणून आठवावं, हा त्यांचा हक्क. नातं संपून चित्र बाहेर पडलं की चेहरा एकटा उरतो आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे गोडवाच मागत राहतो. मी त्याचा कोणी लागत नाही. म्हणून मला त्याच्यावर माया करायची मुभा नाही, आणि म्हणूनच जे घरच्यांना विचारवलं नसेल ते विचारायची मोकळीक आहे: तू कुठे होतास?

आता माझ्याकडे एकही चित्र भिंतीवर नाही. कपाटात उभी, एकमेकांकडे पाठ करून, मधे पुठ्ठे घालून ठेवलेली असतात.

विचारायचं कसं, ते सांगतो. नाव असेल तर जर्मन युद्धकबरींची काळजी घेणारी संस्था आहे, १९१९ पासूनची, तिच्या संकेतस्थळावर लाखो नावांत शोधता येतं. पूर्वी बर्लिनमध्ये सैनिकांच्या नोंदींचं वेगळं कार्यालय होतं, ते २०१९ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात विलीन झालं. तिथे अर्ज करायचा आणि वाट बघायची. पलटणींची दप्तरं फ्रायबुर्गला आहेत. चित्राच्या मागे कधी पाच आकडी लष्करी टपाल क्रमांक असतो, पलटणीचं नाव कळू नये म्हणून दिलेला. आज त्याच क्रमांकावरून पलटण उलगडते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या या प्रांतात, मेलेल्यांच्या नावानं घरचे छोटी प्रार्थनाकार्डं छापायचे, फोटो, जन्म, मृत्यू, ठिकाण असलेली. ती कार्डं बाजारात चिल्लर भावात मिळतात आणि चार वाक्यांत इतकी माहिती देतात, जितकी चार चित्रं देत नाहीत.

नाव नसेल तर मात्र अडतं. त्याचंच एक चित्र माझ्याकडे आहे आणि संग्रहातलं सगळ्यात सुंदरही तेच आहे. पेस्टल, करड्या कागदावर. पहाडी पलटणीतला जवान, उजव्या बाहीवर एडलवाइसच्या फुलाचा बिल्ला, वय वीस-बावीस. हसू ओठांत दाबलेलं. बव्हेरियात एडलवाइस म्हणजे काय विचारू नका; घराघरांत डोंगर, घराघरांत आजोबा पहाडी पलटणीत. असल्या चित्राला इथे दीडपट भाव येतो. विक्रेता मला प्रेमानं म्हणाला, “हे आमचे डोंगरातले. ह्यांचा त्या भानगडींशी संबंध नाही.”

पहिल्या पहाडी डिव्हिजनची माणसं ऑगस्ट १९४२ मध्ये कॉकेशसमधल्या एल्ब्रुस शिखरावर झेंडा लावून आली. त्याच डिव्हिजनच्या ९८व्या रेजिमेंटमधल्या एका कंपनीनं साधारण एका वर्षानं, १६ ऑगस्ट १९४३ ला पहाटे, ग्रीसमधलं कोमेनो हे गाव घेरलं. गावात एक लग्न होतं. ३१७ माणसं मारली, त्यांत बायका आणि तान्ही मुलंही. एल्ब्रुसचे फोटो तेव्हाच जर्मनीभर छापून आले होते. कोमेनोचं नाव इथल्या किती घरांत ठाऊक आहे, मला शंका आहे. बाहीवरचं फूल दोन्हीकडे एकच. माझ्या पेस्टलमधला मुलगा शिखरावर होता, गावात होता, दोन्हीकडे होता की कुठल्या दुसऱ्याच पहाडी डिव्हिजनमधून नॉर्वेत थंडीत कुडकुडत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळणं अशक्य आहे. आणि मी किती वेळा प्रयत्न केलाय ते चेहऱ्यावरून कळवून घ्यायचा! डोळे, ओठ, कपाळ. काही नाही. गोड पोरगा आहे, आई म्हणेल.

म्युनिकमध्ये हा विषय काढताना अजूनही आवाज खाली येतो. १९९५ साली हाम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेनं वेअरमाख्टच्या गुन्ह्यांवर फिरतं प्रदर्शन सुरू केलं. तोवर इथे सर्वसाधारण समज असा की ज्यूंच्या हत्या, गावं जाळणं हे एसएसचं काम. साधं सैन्य आपलं लढत होतं. प्रदर्शनात फोटो होते, आणि त्यातले पुष्कळ शिपायांनी स्वतः काढलेले, खिशात बाळगलेले. फासावर लटकवलेली माणसं आणि त्यांच्यापुढे उभं राहून कॅमेऱ्याकडे बघणारे गणवेश. १९९७ मध्ये प्रदर्शन म्युनिकला आलं तेव्हा विरोधात मोर्चे निघाले, विरोधाच्या विरोधातही निघाले. काही फोटोंची ओळख चुकल्याचं इतिहासकारांनी दाखवलं, १९९९ मध्ये प्रदर्शन थांबवलं गेलं, तज्ज्ञांच्या समितीनं चुका मान्य करून मूळ म्हणणं बरोबर असल्याचा निर्वाळा दिला, आणि २००१ मध्ये नव्यानं मांडणी झाली. वेअरमाख्टच्या ताब्यात आलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले, बहुतेक उपासमारीनं, ही गोष्ट आता शाळेत शिकवतात.

त्याच शिपायाच्या खिशात तो फोटो आणि त्याच्याच आईच्या भिंतीवर हे चित्र. संग्राहकाला यांतलं एकच घेऊन भागत नाही, असं माझं मत आहे. मला तो फोटो मिळणार नसेल, तर निदान चित्रामागच्या कागदावर पलटणीचं नाव आणि ती कुठे होती ते मी लिहितो.

दुसरी बाजूही लिहितो. ऱ्युडिगर ओव्हरमान्स या इतिहासकाराच्या हिशेबानं जर्मन सैन्यातले ५३ लाख मेले. एकट्या जानेवारी १९४५ मध्ये साडेचार लाखांहून जास्त. माझ्या पाहण्यात १९४४ च्या मध्यानंतरची घरगुती चित्रं फारच विरळ. बातम्या इतक्या येत होत्या आणि शहरांवर बॉम्ब असे पडत होते की चित्रकार, हार्डबोर्ड आणि डोळ्यांचा रंग सांगणारी आई, तिन्ही एका ठिकाणी सापडणं कठीण झालं असावं.

आपल्याकडच्या माणसाला या सगळ्यात काय शोधायचंय, असं इथले विक्रेते मला विचारतातच. काहींचा समज वेगळाच असतो. एकानं खालच्या आवाजात विचारलं, “तुमच्या देशात हिटलर फार लोकप्रिय ना?” मला लाज वाटली, कारण पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी रचलेलं मी पाहिलेलं आहे. असल्या माणसाकडून मी काही घेत नाही. त्याच्याकडच्या टेबलाखाली आणखी एक खोकं असतं आणि तो ते मला दाखवू बघतो.

खरं उत्तर द्यायचं तर आपला धागा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. पहिल्या महायुद्धात पकडलेले हिंदी सैनिक बर्लिनच्या दक्षिणेला वुन्सडॉर्फच्या छावणीत होते. तिथून जवळच झेरेन्सडॉर्फला त्यांतल्या दोनशेवर जणांचं कबरस्थान आहे. अशा छावण्यांतल्या कैद्यांची हेरमान श्ट्रुक या चित्रकारानं शंभर शिळाछापचित्रं केली आणि ती १९१६ साली फेलिक्स फॉन लुशान या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुस्तकात आली. त्यात हिंदी चेहरे आहेत. श्ट्रुकचा हात फार हळवा. कैद्याची थकलेली पापणी त्याला दिसते. पण पुस्तक मानववंशाचं, म्हणजे हा माणूस कोण यापेक्षा हा कुठल्या जातकुळीचा नमुना, हा प्रश्न पुढे. ओरेलच्या मुलाच्या डोळ्यांचा रंग सांगायला त्याची आई होती. त्या हिंदी शिपायांच्या आयांना आपल्या मुलाचं चित्र झालंय हे कळायचाही संभव नव्हता. आणि श्ट्रुक स्वतः? बर्लिनचा ज्यू, लोखंडी क्रूस मिळालेला जर्मन सैनिक, शागालसारख्या चित्रकाराला कोरीव छापाचं तंत्र शिकवणारा. १९२० च्या दशकातच हैफाला निघून गेला, म्हणून वाचला.

दुसऱ्या बाजूला आपला नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४, इटलीत तायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्याची सगळी तुकडी मेली किंवा जखमी झाली. तो एकटा धावत गेला, हातबॉम्ब टाकला, उरलेल्यांतल्या एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. माणगावला त्याचा पुतळा आहे. कोकणात जाता-येता आम्ही लहानपणी एसटीच्या खिडकीतून बघायचो. त्या मशीनगनमागच्या जर्मनांची चित्रंही कुठल्या तरी बैठकीच्या खोलीत लागली असतील, काजातली फीत नेमकी रंगवून. बाजारातल्या कुठल्या तरी ताडपत्रीवर ती माझ्या हाती लागलीही असतील. त्यांच्या पाठीवर इटली लिहिलेलं असतं तर मी आईचा नियम मोडून निदान एक दिवस ते चित्र भिंतीवर लावलं असतं आणि त्याच्याकडे नीट बघितलं असतं.

धंद्यातल्या फसवणुकीबद्दल थोडं, कारण वाचून कुणाला हुक्की यायची. जुनं साधं कोटातलं चित्र घेऊन त्यावर गणवेश चढवणं ही नेहमीची युक्ती. गणवेश तसाच ठेवून पदक वाढवणं ही त्याहून नेहमीची. अतिनील टॉर्च अंधारात चित्रावर धरला की जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर चढवलेला रंग काळ्या डागासारखा उठून दिसतो. कापड किंवा कागद निळा-पांढरा झगझगत असेल तर त्यात उजळवणारी रसायनं आहेत आणि तो युद्धानंतरचा आहे. तिथेच सौदा सोडायचा. पण हाच टॉर्च एक उलटी गोष्टही दाखवतो. काही चित्रांत काळा डाग नेमका गरुडाच्या नख्यांवर येतो. म्हणजे घरातल्याच कुणीतरी, बहुधा १९४५ च्या उन्हाळ्यात, अमेरिकन शिपाई दार वाजवायच्या आत, करड्या रंगाचा एक थर देऊन चिन्ह बुजवलं आणि मुलगा ठेवला. विक्रेते अशी चित्रं ‘खराब’ म्हणून स्वस्तात देतात. मला ती सगळ्यात मोलाची वाटतात. रंग काढून मूळ चिन्ह उघडं करून देऊ का, असं एक जीर्णोद्धारवाला विचारत होता. नको म्हटलं.

चित्र परत करायचा प्रयत्नही केलाय. ओरेलच्या मुलाचं घर कुठल्या गावातलं हे कळलं, पुढे त्याच्या बहिणीच्या नातीचा पत्ता लागला. पत्र लिहिलं: चित्र माझ्याकडे आहे, पैसे नकोत, हवं असेल तर आणून देतो. तिचं उत्तर सभ्य आणि आखूड होतं. चित्र नको, लहानपणी जेवणाच्या टेबलावर तो सगळ्यांकडे बघत असायचा, त्याच्यासमोर मोठ्यानं हसायचं नाही असा आजीचा दंडक होता. पण पाठीमागचा फोटो पाठवाल का? पुढची बाजू मला पाठ आहे, मागची कधी कुणी दाखवली नाही.

पाठवला. त्यासोबत त्याची पलटण १९४१ पासून कुठे-कुठे होती याचा मी काढलेला तक्ताही पाठवू का, असं विचारलं. तिनं आठवडाभर घेतला आणि हो म्हणाली. त्यानंतर पत्रव्यवहार नाही.

सध्या रेगेन्सबुर्गच्या एका विक्रेत्याशी घासाघीस चालू आहे. कोळशाचं रेखाटन, काचेच्या चौकटीत, विमानदळाचा पोरगा, कॉलरपट्टी मुळात पिवळी असली तरी काळीच दिसते, कोळशात रंग कसा कळणार. चेहरा अप्रतिम आहे. भावाचं जमलंय. पण चौकट मागून सीलबंद आहे, ती उघडली तर किंमत पडते असं तो म्हणतो, आणि उघडल्याशिवाय मी घेणार नाही असं मी म्हणतो. त्यानं पुढच्या बाजूचे आणखी पाच फोटो पाठवलेत, वेगवेगळ्या उजेडात. शनिवारी जाणार आहे, पेचकस घेऊन.